नवगावचा किनारा ते इस्रायल आळी

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. आजची वास्तू १९१० सालची. पण तिथे प्रार्थना करत आलेल्या घराण्यांचं मूळ शोधायचं, तर गावाबाहेर नवगावच्या किनाऱ्यावर जावं लागतं. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, जुनं दफनस्थान तिथे आहे, स्मारकही आहे. परंपरा सांगते, जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर ही घटना इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली मानतात. तिला ठोस पुरावा नाही. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले.

लेखी नोंद फार उशिराची. १७३८ मध्ये मद्रासच्या सार्टोरियस या मिशनऱ्याने पत्रात लिहिलं, की स्वतःला बेने इस्रायल म्हणवणाऱ्या या लोकांकडे बायबल नाही, हिब्रूही येत नाही, फक्त ‘शेमा’ ही प्रार्थना ठाऊक आहे.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हते, तरी धर्म टिकला तो घरात आणि घाण्यावर. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटलं. मुलाची आठव्या दिवशी सुंता होई. समुद्रकाठी राहूनही ताटात फक्त खवल्यांचे मासे येत. कोळंबी, कुर्ल्या वर्ज्य. आडनावं मात्र गावांचीच: किहीमचे केहीमकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर. पुढे डेव्हिड राहाबी हा ज्यू धर्मशिक्षक आला. तो नेमका कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवलं. तेच समाजाचे काजी, म्हणजे धार्मिक पुढारी, झाले.

मलिद्याची गोष्ट तर खास इथलीच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं ताटात मांडून एलियाहू हन्नबीचं स्मरण करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर या संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. नवसाला तिथे जातात.

मग मुंबईने या समाजाला ओढून घेतलं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये तिथलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मिशनरी जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२ साली आलं आणि १८४६ मध्ये हग्गादा हा वल्हांडण सणाचा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला. पलटणी, गोदी आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांमुळे खेडी रिकामी होत गेली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथेही त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली. ती १९६४ मध्ये, आंदोलनानंतर, मिटली. मराठी मात्र सुटली नाही: ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो हवाच होता. पण कोकणातल्या दफनभूमींमधले हिब्रू आणि मराठी लेख ऊन-पावसात झिजत आहेत. रायगडातल्या महाविद्यालयांनी समाजाच्या परवानगीने आणि मदतीने ते वाचून, छायाचित्रांसह नोंदवून ठेवावेत. जाणती वडीलधारी माणसं आहेत, तोवर हे काम हाती घ्या.