द डिसायपल (चित्रपट)

चैतन्य ताम्हाणे यांनी लिहिलेला, दिग्दर्शित व संकलित केलेला मराठी चित्रपट (२०२०). निर्माते विवेक गोम्बर. ‘कोर्ट’ (२०१४) याच जोडीचा. मुंबईतला शरद नेरुळकर हा ख्यालगायक होऊ पाहणारा तरुण चोविशीपासून मध्यमवयापर्यंत कसा बदलतो, एवढीच कथा. व्हेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ‘मान्सून वेडिंग’ (२००१) नंतर पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. तेथे त्याला उत्कृष्ट पटकथेचा आणि समीक्षक संघाचा, असे दोन पुरस्कार मिळाले. अपयशी गायकाची शोकांतिका म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. ती अपुरी वाटते. आपली पात्रता आपणच जोखायला शिकणे म्हणजे मोठे होणे, आणि गुरुशिष्य परंपरेत हे शिकवायला कोणी बांधील नसते, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे.

याचा पुरावा पटकथेतच आहे. यवतमाळ, पुसद, वणी अशा गावांतला गाणे शिकणारा मुलगा बहुधा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतो. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आपण कुठवर आलो, ते त्याला गुणपत्रिका सांगते. तिच्याने कोणी गवई होत नाही हे खरे, पण अंदाज येतो. शरदला असा अंदाज कोणी देत नाही. त्याचे गुरुजी तानेतली चूक दाखवतात, त्याच्या भवितव्याबद्दल मात्र बोलत नाहीत. तो त्यांचे अंग रगडतो, औषधपाण्याचे पाहतो आणि रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल हाकताना गुरुजींच्या गुरू माई यांची चोरून ध्वनिमुद्रित झालेली व्याख्याने ऐकतो. माई पडद्यावर दिसत नाहीत. त्यांचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे, आणि तो इतका ठाम आहे की शरदचे स्वतःचे मत त्याखाली दबून जाते. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक माई आणि गुरुजी यांच्याबद्दल काहीबाही सांगू लागतो, तेव्हा शरद ग्लासातले पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. संग्राहक खरे बोलतो की खोटे, याचा निवाडा चित्रपट करत नाही, आणि तेच योग्य. शरद पुढे स्वतः शिकवू लागतो. विद्यार्थ्याला फ्यूजन बँडमध्ये जाऊ देण्याबद्दल त्याची आई विचारते, तर तो तिला तोडून बोलतो. इथे तो गुरुजींपेक्षा कठोर आहे, कारण पाठ केलेल्या विचारांपलीकडे त्याच्याजवळ काही उरलेले नाही.

शास्त्रीय संगीतातला आनंद यात दिसतच नाही, सगळे कसे कोरडे आणि केविलवाणे, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. मैफलीतली दाद, गुरुबंधूंची थट्टामस्करी यांना फार थोडी जागा मिळाली आहे. पण संगीताला कमी लेखण्याचा हेतू असता, तर गुरुजींच्या भूमिकेला अरुण द्रविड आणि शरदच्या भूमिकेला आदित्य मोडक हे प्रत्यक्ष गाणारे कलावंत कशाला घेतले असते? द्रविड किशोरी आमोणकरांचे शिष्य, पेशाने रसायन अभियंते. मोडक सनदी लेखापाल. नोकरी-व्यवसाय सांभाळून गाणे टिकवता येते, हे या दोघांनी प्रत्यक्ष आयुष्यात दाखवले, आणि नेमका हाच मार्ग शरदला कमीपणाचा वाटतो. दुसरा आक्षेप या चित्रपटाला लावल्या जाणाऱ्या ‘स्वतंत्र’ या बिरुदावर: दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोन कार्यकारी निर्माते आणि वितरण नेटफ्लिक्सचे, मग हा स्वतंत्र कसा? नामवंत तारे नाहीत, खपाऊ गाणी नाहीत आणि अंतिम संकलन दिग्दर्शकाच्याच हाती. स्वातंत्र्य मोजायचे ते यावरून. मोठी नावे जोडली गेल्याने पटकथेतला एकही प्रसंग गुळगुळीत झालेला दिसत नाही.

शरद शेवटी मंचावर मध्येच गाणे थांबवून उठून जातो. हा पराभव समजावा की सुटका, यावर मतभेद आहेत. वरच्या विवेचनाच्या आधारे तो आयुष्यात प्रथमच स्वतःच्या कानावर विसंबून घेतलेला निर्णय ठरतो. चित्रपट ३० एप्रिल २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आहे. मुलांना गाण्याच्या क्लासला घालणाऱ्या पालकांनी तो मुलांच्या आधी स्वतः पाहावा.