वाकणारं पातं आणि नियमाचा अर्थ

मागच्या वेळी प्रश्न आला होता: नियम शब्दांत असतो की हेतूत? आज एक छोटं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत बंद सभागृहात रबराच्या पिळावर उडवायच्या विमानांचा ‘पेनीप्लेन’ हा गट आहे. रबर सोडून विमानाचं वजन किमान ३.१ ग्रॅम, म्हणजे जुन्या तांब्याच्या पेनीइतकं. १९८२मध्ये जस्ताची, २.५ ग्रॅमची पेनी आली. नाणं हलकं झालं, नियम मात्र ३.१वरच राहिला.

यातल्या ‘लिमिटेड’ गटात पंखा फार तर १२ इंचांचा, आणि उडताना पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा वर्ज्य. आता गंमत बघा. सुरुवातीला रबराचा जोर जास्त, तेव्हा बाल्साचं पातळ पातं आपसूक वळतं, कोन वाढतो, विमान फार वर चढत नाही. मग ही यंत्रणा झाली का?

मला वाटतं, नाही. वाकणं हा लाकडाचा स्वभाव. तोच गुन्हा ठरवला तर एकही पंखा पास होणार नाही. ‘पण पातं मुद्दाम मऊ केलं असेल तर?’ असं कुणी विचारेल. पंखा पट्टीनं मोजता येतो, स्प्रिंग डोळ्यांना दिसते. मनातलं ‘मुद्दाम’ कुठल्या काट्यावर तोलणार? नियमाचा हेतू जरूर शोधावा. खेळाडूच्या मनाची झडती पंचानं घेऊ नये.