संततिनियमनाचा वाद : रोम आणि मुंबई



आपल्या खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांच्या शेजारून जाताना मला अनेकदा गॅलिलिओची आठवण होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत १६३३ साली त्याला रोममधील धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकून मागे घ्यावे लागले. परंतु आज मी त्याचे नाव घेतो, ते खगोलशास्त्रासाठी नव्हे. १९६४ च्या ऑक्टोबरात रोमला जगभरच्या कॅथॉलिक बिशपांची परिषद चालू असताना बेल्जियमचे कार्डिनल स्यूनेन्स यांनी याच गॅलिलिओची आठवण दिली. एक गॅलिलिओ प्रकरण धर्मसंस्थेला पुरे झाले, दुसरे ओढवून घेऊ नका, अशी त्यांनी आपल्या धर्मबंधूंना विनवणी केली. विषय होता संततिनियमनाचा.

हा वाद दूरचा, परक्या धर्माचा आणि आपल्याशी संबंध नसलेला, असे कोणी समजेल. तसे नाही. त्याचे धागे गिरगावातून, वर्ध्यातून आणि मुंबईच्या विधानभवनातून गेलेले आहेत. ते उलगडून पाहण्याचा आज विचार आहे.

आधी कॅथॉलिक मत काय, ते नीट समजून घेऊ. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे, ही आपली जुनी रीत आहे. पूर्वपक्ष मांडल्यावाचून उत्तरपक्षाला किंमत नाही. पतिपत्नींच्या संबंधात परस्परप्रेम आणि अपत्योत्पत्ती हे दोन अर्थ ईश्वरानेच एकत्र गुंफलेले आहेत. माणसाने कृत्रिम उपायांनी त्यांची ताटातूट करू नये, असे ते मत सांगते. १९३० पर्यंत इतर ख्रिस्ती पंथही बहुतांशी याच मताचे होते. त्या वर्षी लँबेथ येथे अँग्लिकन बिशपांची परिषद भरली आणि तिने विशिष्ट परिस्थितीत साधनांच्या वापरास मर्यादित मुभा दिली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी परिपत्र काढून अशा साधनांचा कडक निषेध केला. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी सुईणींच्या एका मेळाव्यात सांगितले की, गंभीर कारण असेल तर स्त्रीच्या गर्भधारणेस अनुकूल नसलेल्या दिवसांचा उपयोग दांपत्याने करण्यास हरकत नाही. म्हणजे दिवस मोजून संयम पाळणे चालेल, साधन वापरणे चालणार नाही, अशी सीमारेषा ठरली.

आता आपल्याकडे वळू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथराव हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनला मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले, तेही त्याच वर्षी. १९२५ मध्ये रघुनाथरावांना प्राध्यापकी सोडावी लागली. कॉलेज मिशनचे होते, पण प्रॉटेस्टंट मिशनचे. तेव्हा या विरोधाचे खापर एकट्या रोमवर फोडता येत नाही. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, ते १९५३ साली मृत्यूपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी निकाल विरुद्धच गेला. ज्या समाजाने कर्व्यांना वाळीत टाकल्यासारखे वागविले, तो समाज कॅथॉलिक नव्हता. तो आपला होता.

याहून मनोरंजक साम्य पुढेच आहे. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. दोघांची चर्चा पुष्कळ झाली, एकमत झाले नाही. गांधीजींना साधने नकोत, ब्रह्मचर्य हवे. मात्र सुरक्षित दिवसांची पद्धत आपल्याला तितकी खटकत नाही, कारण तीत उरलेल्या दिवसांचा तरी संयम आहे, असे त्यांनी मान्य केले. सेवाग्रामचा वैष्णव आणि व्हॅटिकनचा धर्मगुरू, दोघांचे मार्ग भिन्न. पण येथे दोघे एकाच पायरीवर येऊन थांबलेले दिसतात. संयम हा दोघांच्याही विचाराचा कणा आहे. त्याची थट्टा करणे सोपे आहे, परंतु स्त्रीच्या देहाला पुरुषाच्या इच्छेचे साधन बनू देऊ नये, ही त्यामागची भीती थट्टेचा विषय नाही.

विचाराची परीक्षा व्यवहारात होते. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. राष्ट्रीय पातळीवर असे करणारा हा जगातील पहिला देश. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि सँगरबाई पुन्हा आल्या. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या अनुयायी आणि ख्रिस्ती घराण्यात वाढलेल्या. त्यांचा कल सुरक्षित दिवसांच्या पद्धतीकडे होता. डॉ. एब्राहम स्टोन यांच्या सल्ल्याने म्हैसूर राज्यातील रामनगरम् आणि दिल्लीची लोदी कॉलनी येथे प्रयोग झाले. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा, रंग पाहून दिवस ओळखायचा. कल्पना सुबक होती, पण फळ फारसे आले नाही. ज्या घरात पाळणा, चूल आणि शेत एकाच बाईच्या गळ्यात आहेत, तेथे मण्यांचा हिशेब ठेवणे सोपे नाही. आणि हिशेब तिने ठेवला, तरी त्या दिवसांचा मान नवऱ्याने राखला पाहिजे. सारी पद्धत शेवटी त्याच्या शब्दावर उभी होती.

१९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली आणि जुन्या वादाला नवे वळण लागले. गोळीच्या संशोधनातील एक प्रमुख डॉक्टर जॉन रॉक स्वतः निष्ठावंत कॅथॉलिक होते. ही गोळी निसर्गाच्याच नियमाला साहाय्य करते, ती धर्माला मान्य व्हावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये अभ्यासासाठी एक आयोग नेमला. त्यांच्यानंतरचे पोप सहावे पॉल यांनी त्यात धर्मशास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ आणि विवाहित दांपत्येही घेतली. शिकागोच्या क्राउली पतिपत्नींनी अनेक देशांतील दांपत्यांची पत्रे गोळा करून आयोगापुढे ठेवली. धर्माज्ञा पाळता पाळता संसारात किती ताण येतो, हे प्रथमच भोगणाऱ्यांच्या तोंडून धर्मपीठाच्या कानी गेले.

येथे मुंबई पुन्हा कथेत येते. १९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. त्यांचे यजमान होते मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, गोव्याच्या कुळातले आणि भारताचे पहिले कार्डिनल. हेच ग्रेशस पुढे त्या आयोगाच्या अंतिम टप्प्यात कार्डिनल व बिशपांच्या गटात बसले. १९६६ च्या जूनमध्ये गर्भनिरोध हा स्वभावतःच पापमय आहे काय, या प्रश्नावर मते घेतली गेली. या बैठकीचा जो वृत्तान्त पुढे प्रसिद्ध झाला, त्यानुसार नऊ जणांनी 'नाही' म्हटले, तिघांनी 'होय' म्हटले आणि तीन तटस्थ राहिले. तटस्थांत मुंबईचे कार्डिनल होते. त्यांच्या मनात काय चालले होते, ते त्यांच्या वतीने सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण चाळींच्या आणि झोपड्यांच्या शहराचा धर्मगुरू त्या प्रश्नावर ना 'होय' म्हणू शकला, ना 'नाही', एवढी नोंद इतिहासाने घ्यावी.

बहुमत झाले, तरी निर्णय झाला नाही. १९६८ च्या २५ जुलैचे परिपत्र २९ तारखेला प्रसिद्ध झाले आणि पोपने जुनीच सीमारेषा कायम ठेवली. जगभर खळबळ माजली. कॅनडाच्या बिशपांनी त्याच सप्टेंबरात विनिपेग येथे निवेदन काढले. प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ज्यांना ही शिकवण पाळता येत नाही आणि जे आपल्या सद्विवेकाला स्मरून मार्ग निवडतात, त्यांना समजून घ्यावे, असा त्याचा आशय होता.

त्या परिपत्रात एक इशारा होता. ही साधने राज्यसत्तेच्या हाती गेली, तर ती ती लोकांवर लादील, असे पोपने बजावले होते. तेव्हा अनेकांना ही भीती अतिरंजित वाटली. आठच वर्षे गेली. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. परंतु १९७६-७७ या वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या कित्येक शिपायाच्या धाकाने झाल्या. ज्या महाराष्ट्रात कर्व्यांनी नोकरी गमावून संततिनियमन शिकविले, त्याच महाराष्ट्राने अर्ध्या शतकात ते हंटरच्या जोरावर शिकवायचे ठरविले!

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : या वादाचा गाभा गोळी किंवा माळ यांत नाही, निर्णय कोणाचा यात आहे. पोपने राज्यसत्तेचा धोका अचूक ओळखला. पण त्यावरून दांपत्याला मनाई करावी, हे निष्पन्न होत नाही. कर्वे आणि कॅनडाचे ते बिशप यांची वाट वेगळी, तरी दोघेही निर्णय दांपत्याच्या विवेकापाशी आणून ठेवतात. १९७६ चे सरकार मात्र पोपच्या नेमके उलट बोलत होते आणि तरीही त्याच चुकीत सापडले होते. दोघांनाही बाईला न विचारता उत्तर देण्याची घाई होती.

लोकांनी आपले उत्तर शांतपणे दिले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ख्रिस्ती स्त्रियांचा सरासरी जननदर १.८८ आणि हिंदू स्त्रियांचा १.९४ आढळला. ख्रिस्ती म्हणजे सारे कॅथॉलिक नव्हेत, हे खरे. तरीही या आकड्यांवरून दिसते की धर्म कोणताही असो, घराघरातली गणिते आता फारशी वेगळी राहिलेली नाहीत.

गॅलिलिओविषयी झालेली चूक रोमने १९९२ साली जाहीरपणे मान्य केली. साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. आकाशातले ग्रह तितकी वाट पाहू शकतात. पाळण्याशेजारी बसलेली बाई पाहू शकत नाही.