जीपचं पुढचं चाक

नाना पेठेत जुन्या जीपचं पुढचं चाक खोललेलं दिसलं की मी हमखास थांबतो. मंडळी, त्या हबमध्ये बराच इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये एक दांडा हलवला की इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जायची. पण पुढची चाकं अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्टला उगाच फिरवत राहायची. लढाईत चालून गेलं. युद्धानंतर जीप सामान्य लोकांकडे आल्या आणि ही झीज खिशाला जाणवू लागली. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी लॉकिंग हब बनवले. हबवरची चकती हाताने फिरवा, चाक अ‍ॅक्सलपासून मोकळं! आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, डीकपलिंग.

त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी आपल्या घाटांत रुळली.

दुरुस्ती तशी सरळ. हब खोला, जुनं ग्रीस धुवा, दोन्ही टेपर बेअरिंग तपासा, ऑइल सील बदला, नवं ग्रीस भरा. मग नट आवळून किंचित मागे घ्या. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. घाटाच्या उतारावर दोन्ही महागात पडतं.

आजच्या बऱ्याच गाड्यांत सीलबंद हब असतो; बिघडला की अख्खा बदलायचा. सोय आहेच. पण तो 'किंचित' म्हणजे किती, हे ओळखणारे हात त्यामुळे कमी होत चाललेत. असो. जुनी जीप असेल तर असा मिस्त्री आत्ताच शोधून ठेवा.