सिंप्युटर : एका खुल्या यंत्राचा धडा

भाषेचे हक्क आपण शाळा, फलक आणि सरकारी कागद यांपुरते मोजत आलो. हातातल्या यंत्राची भाषा कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र आपल्या चर्चेत उशिरा आला. आम्ही सीमाभागातले लोक ज्या राज्यात राहतो, त्याच राज्याच्या राजधानीत तो फार पूर्वी विचारला गेला होता.

१९९९ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील तंत्रज्ञ, अशा सात जणांनी सिंप्युटर ट्रस्ट स्थापला. साधा, स्वस्त आणि बहुभाषिक असा हातात मावणारा संगणक त्यांना हवा होता. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला. तो लिनक्सवर चालत असे, पडद्याला स्पर्श करून वापरता येई आणि मजकूर वाचूनही दाखवत असे. एकच यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावे म्हणून प्रत्येकाची माहिती स्वतंत्र स्मार्ट कार्डावर ठेवण्याची सोय होती.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याचा परवाना. आज्ञावलीबरोबर यंत्राचा आराखडाही खुला ठेवला गेला. कोणीही त्यात सुधारणा करावी. विक्रीसाठी यंत्र बनवणाऱ्याने ट्रस्टला एकदाच शुल्क द्यावे आणि केलेली सुधारणा ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली करावी, असा तो करार होता.

कर्नाटक शासनाने जमिनीच्या नोंदींच्या कामात सिंप्युटरचा प्रयोग करून पाहिला. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा’ हे त्याचे रूप बाजारात आले. परंतु खप काही हजारांपलीकडे गेला नाही. तोवर स्वस्त मोबाइल फोन घरोघरी पोहोचू लागले होते.

यंत्र मागे पडले, पण त्याच्यासाठी रमेश हरिहरन यांनी सुरू केलेली ‘ध्वनी’ ही वाचक-आज्ञावली टिकली. सिंप्युटरच्या आरंभीच्या भाषांत हिंदी, कन्नड आणि तमिळ होत्या, मराठी नव्हती. पुढे केरळचे संतोष तोट्टिंगल यांनी ‘ध्वनी’ची जबाबदारी घेतली, ती अनेक भारतीय भाषांपर्यंत नेली, आणि त्यांत मराठीही आली. त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागली नाही, कोणाकडे अर्ज करावा लागला नाही. आज्ञावली बंद असती, तर ती यंत्राबरोबरच संपली असती.

आमच्याकडे शेताचा उतारा कन्नडमध्ये मिळतो; तो मराठीत मिळावा म्हणून निवेदने द्यावी लागतात. बंद यंत्रापुढेही आपली स्थिती अर्जदाराचीच असते. खुल्या यंत्रापुढे ती बदलते, कारण तेथे दार उघडे असते. मात्र उघड्या दारातून आत जाण्याचे श्रम भाषकांनाच करावे लागतात. बेळगाव असो, बडोदे असो वा इंदूर, मराठी तरुणांनी आता निवेदनाच्या कागदाबरोबर आज्ञावलीही लिहायला घ्यावी, असे आम्हास वाटते.