कुरवंजीच्या तोंडी कोपर्निकस

मराठीत सूर्यकेंद्री विश्वाची ओळख कोणी करून दिली, असे विचारले की सुबाजी बापूंच्या ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ या ग्रंथाचे नाव पुढे येते. तो १८३६ मध्ये मुंबईत छापला गेला. परंतु त्याआधीच कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरात मराठी पृथ्वी सूर्याभोवती फिरू लागली होती, आणि तीही चक्क एका नाटकात!

सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहान्वये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सत्ता गेलेल्या या राजाने आपले लक्ष ग्रंथ, वैद्यक आणि शाळा यांकडे वळवले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. बिशप हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले, तेव्हा राजा लाव्हाझिए आणि लिनियस यांचे दाखले सहज देत होता.

या राजाने लिहिलेले मराठी नाटक म्हणजे ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा मूळचा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. विरहिणी नायिकेकडे कुरवर जमातीची भटकी स्त्री येते, पायाखाली घातलेले डोंगर, नद्या आणि क्षेत्रे वर्णन करते, मग हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींनी हा साचा मोडला नाही; त्या प्रवासवर्णनात त्यांनी सारे जग भरले. त्यांची कुरवंजी सूर्याभोवती फिरणारे ग्रह सांगते, पृथ्वीवरचे खंड आणि देश सांगते. भविष्यावर पोट भरणाऱ्या स्त्रीच्या तोंडी कोपर्निकस घालण्याचे धाडस मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठे वाटते.

अर्थात हे नाटक माहिती देते, सिद्धता देत नाही. भौतिकीच्या अभ्यासकाला ही उणीव जाणवतेच. पण काळ पाहा. ताऱ्याचा पराशय बेसेल यांनी १८३८ मध्ये जाहीर केला. फूको यांचा लंबक १८५१ चा. पृथ्वीची गती प्रेक्षकांना डोळ्यांनी दाखवावी, असे साधन तेव्हा युरोपातही नव्हते. पृथ्वीचे मोजमाप मात्र तंजावरच्या दारी आले होते: १८०८ मध्ये लॅम्बटन यांचा अवजड थिओडोलाइट बृहदीश्वराच्या गोपुरावर चढवताना आदळला आणि त्यांनी तो स्वतः खपून दुरुस्त केला.

‘देवेंद्र कुरवंजी’ सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून काढली ती १९५० मध्ये. मराठी विज्ञानलेखनाचा इतिहास तोवर पुण्या-मुंबईपुरता लिहून झाला होता.