शुक्राची चांदणी आणि केडगावचा रस्ता

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या युवक-युवतींनी सामान्यज्ञानाची स्पर्धा भरविली होती. प्रश्न त्यांनीच काढले, पाट्याही त्यांनीच रंगविल्या. आम्हांस फक्त परीक्षकाच्या खुर्चीत बसविले. प्रश्न मोठे गमतीचे होते. कोणत्या पक्ष्याचा डोळा त्याच्या मेंदूहून मोठा? शहामृगाचा. ऑलिंपिक सामन्यांत एके काळी चित्र, शिल्प आणि काव्य यांनाही पदके मिळत, हे कोणत्या काळी? १९१२ ते १९४८. हे दुसरे उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हते, हे प्रांजळपणे सांगतो.

मग प्रश्न आला, चंद्रावरून दिसणारी मनुष्यनिर्मित वास्तू कोणती? दहा हात एकदम वर गेले आणि दहा मुखांतून एकच उत्तर निघाले, चीनची भिंत. आम्ही ते चूक ठरविले. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे खरी, परंतु तिची रुंदी एखाद्या रस्त्याएवढी; पावणेचार लाख किलोमीटरवरून ती दिसावी कशी? चंद्रावर जाऊन आलेल्यांनीही ती दिसत नसल्याचेच सांगितले आहे. दोन्ही संघांचे गुण गेले आणि सभागृहात थोडी नाराजी पसरली. तेवढ्यात वरवंडचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "फादर, खरं-खोटं राहू द्या, पण एवढ्या प्रश्नांत आपल्या भागातला एकसुद्धा नाही. आमच्या वरवंडला विचारण्यासारखं आहेच काय? हायवे आणि ऊस!"

सगळे हसले. मुलगाही हसला, परंतु त्याचे हसणे आम्हांस बरे वाटले नाही. आपल्या गावाविषयी काही सांगण्यासारखे नाही, असे चौदाव्या वर्षी ज्याला वाटते, तो पुढे गाव सोडताना मागे वळून पाहत नाही. त्या दिवशी आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही. परंतु वरवंडहून पुण्याच्या दिशेने निघावे, चौफुल्याला आत वळावे आणि केडगाव गाठावे, म्हणजे ज्या गावी आपण पोहोचतो तेथे राहणाऱ्या एका बाईचे नाव शुक्र ग्रहावर आहे.

शुक्रावर दाट ढगांचे आच्छादन असल्याने त्याची भूमी दुर्बिणीतूनही दिसत नाही. 'मॅगेलन' नावाच्या अमेरिकन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारच्या साहाय्याने तिचा नकाशा तयार केला. त्या नकाशावर दऱ्याखोरी आणि उल्कापाताची विवरे शेकड्यांनी उमटली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा असा नियम आहे की, शुक्रावरील स्थळांना स्त्रियांचीच नावे द्यावयाची. या नियमाला अपवाद अगदी थोडे. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या नावाचा पर्वत हा त्यांतला एक. मोठ्या विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची नावे मिळाली, आणि सुमारे तीस किलोमीटर व्यासाच्या एका विवराचे नाव पडले 'मेधावी'. आमच्या पंडिता रमाबाईंचे हे सासरचे नाव. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ मध्ये जन्मली. कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आत पती पटकीने गेला. कडेवर एक मुलगी, मनोरमा.

गंमत येथेच संपत नाही. शुक्रावर आणखी एक विवर आहे, त्याचे नाव 'जोशी', म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. आनंदीबाई आणि रमाबाई या परस्परांच्या दूरच्या नात्यातल्या. १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाईंना फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम समुद्र ओलांडून गेल्या होत्या. तिसरे विवर 'जिराड'. हे नाव बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा जिराड यांचे, ज्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा अनेक वर्षे वाहिली. एक हिंदू, एक ख्रिस्ती, एक यहुदी. महाराष्ट्राच्या मातीशी जडलेल्या या तिघी त्या ग्रहाच्या एकाच नकाशात बसल्या आहेत.

रमाबाई आमच्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे अँग्लिकन मठात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्या आपल्याच वाटेने चालल्या. कदाचित त्यामुळेच आमच्या घरांतून त्यांचे नाव कमी घेतले जाते, आणि याची आम्हांस खंत वाटते. सेमिनरीत असताना हिब्रू भाषेची मुळाक्षरे गिरविताना आमच्या नाकी नऊ आले होते. उजवीकडून डावीकडे वाचायचे, आणि स्वर अक्षरांच्या खाली ठिपक्यांत शोधायचे! शिकवायला प्राध्यापक होते, ग्रंथालय होते, दुपारी झोपायला वेळही होता. रमाबाई ही भाषा आणि ग्रीक भाषा शिकल्या त्या चाळिशी उलटल्यावर, कानांनी ऐकू कमी येत असताना, आणि भोवती शेकडो मुली-बायकांचा संसार चालविताना. मूळ भाषांवरून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. अडाणी बाईलाही समजावे म्हणून संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी हेतुपुरस्सर टाळले. अनाथ म्हणून आलेल्या मुलींनी मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविले आणि छपाई केली. १९२१ मध्ये मनोरमा वारली, ५ एप्रिल १९२२ रोजी आई गेली. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. संपूर्ण बायबलचे भाषांतर एकट्या स्त्रीने केल्याची उदाहरणे जगात अगदी विरळा. त्यांतले एक आमच्या दौंड तालुक्यात घडले.

केडगावच निवडण्याचे कारण मात्र साधे होते. तेथे जमीन मिळाली, रेल्वेचे स्थानक होते आणि विहिरींना पाणी लागले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला, आणि ही सारी वस्ती केडगावच्या माळावर वसली. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आल्या. १९०० पर्यंत मुक्तीतील माणसांची संख्या दीड हजारांपलीकडे गेली होती. एवढ्या तोंडांना पाणी पुरविणाऱ्या त्या विहिरी आम्हांस शुक्रावरच्या विवराहून अधिक नवलाच्या वाटतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी मागे जाऊ. चौफुला-न्हावरा रस्त्याने भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. तेथे घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली तेथे जे निघाले, ते भारतातील ताम्रपाषाण काळातील खेड्याचे सर्वांत सविस्तर चित्र मानले जाते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, हे गाव नांदत होते. मोशेने इस्राएल लोकांना मिसर देशातून बाहेर काढले तो काळ या नऊशे वर्षांच्या पोटात सहज बसतो. शंभराहून अधिक घरे सापडली. गावप्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, शेजारी धान्याचे कोठार, नदीचे पाणी शेताकडे वळविणारा पाट, पुराला अडविणारा बांध. शेतात मुख्य पीक सातूचे. ऊस नव्हता, हे त्या मुलाला मुद्दाम सांगितले पाहिजे.

विद्यार्थिदशेत आम्ही सायकलवरून डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलो होतो. इनामगावच्या वस्तूंपुढे उभे राहिल्यावर बराच वेळ पाय निघाला नाही. एका घरात कच्च्या मातीचे लंबगोल, झाकणाचे पात्र पुरलेले आढळले. आत स्त्रीची एक लहान मूर्ती; वर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला शीरच नाही, आणि सोबत एक बैल. दुसऱ्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण निघाला. रांजणात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगविलेली. इतर प्रौढ मृतांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मेलेल्याने भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून असावे, असा विद्वानांचा तर्क आहे. या एका माणसाची पावले शाबूत होती. गावाने त्याला भ्यावे असे त्याच्यात काही नव्हते, की त्याला अडविण्याची कोणाची छाती झाली नाही?

परंतु स्पर्धेत विचारता येणार नाही अशी गोष्ट वेगळीच आहे. इनामगावात सापडलेल्या दफनांपैकी बहुसंख्य मुलांची आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत ते लेकरू, आणि खड्डा घराच्या जमिनीखालीच खणायचा. आम्ही आजवर पुष्कळ दफनविधी केले आहेत, मुलांचेही केले. कबरस्तानाच्या फाटकातून परत फिरताना आईच्या पायांना काय होते ते आम्ही पाहिले आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईला घरापासून दूर जावे लागत नव्हते. ती जेथे चूल पेटवीत असे तेथेच ते निजलेले असे. याचा अर्थ पुरातत्त्वज्ञ आपल्या परीने लावतील. आम्ही आमच्या परीने लावला आहे.

शेवटच्या दोन-तीन शतकांत इनामगाव गरीब झाले. मोठी चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. हवामान कोरडे होत गेले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. अखेर लोक गाव सोडून गेले. दुष्काळात गुरे घेऊन निघालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

राखेचीही एक कथा आहे. ती थोडक्यात सांगतो. घोडला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी बोरी येथे आणि वरवंडच्या दक्षिणेस मोरगावजवळ कऱ्हेकाठी मातीच्या थरांत पांढुरकी ज्वालामुखीची राख सापडते. ही राख आपल्या सह्याद्रीची नव्हे. सुमारे तीन हजार किलोमीटरवरील सुमात्रा बेटातल्या तोबा ज्वालामुखीची ती आहे. तिच्या वयाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. कोणी पाऊण लाख वर्षे म्हणतात, कोणी सात-आठ लाख.

खेळाचेही एक उदाहरण दिले पाहिजे, नाहीतर युवक रागावतील. बॅडमिंटन पुण्यात जन्मले, असे हौसेने सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पिसांचे फूल फळीने उडविण्याचा खेळ फार जुना. पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी १८७० च्या दशकात त्याला नियम दिले आणि काही काळ तो 'पूना' याच नावाने ओळखला गेला. याहून आम्हांस आवडते ती अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांची हकीकत. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतील पोरे विलायती धावपटूंच्या तोडीचा वेळ देतात, हे सर दोराबजी टाटांनी पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठविण्याची खटपट केली. त्या संघातील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पदक नाही मिळाले, म्हणून प्रश्नपत्रिकेत त्यांना जागा नाही.

आता वरवंडविषयीच सांगायचे, तर गावाला इंग्लंडच्या राणीच्या नावाचा व्हिक्टोरिया तलाव आहे, आणि त्यात खडकवासल्याचे पाणी कालव्याने येते. त्याच पाण्यावर तो ऊस उभा आहे, ज्याला पाहून आमचा मुलगा हसला होता.

हे सारे आम्ही त्याच्या घरी जाऊन सांगितले. मिस्सा आटोपून चहा झाला होता, ओट्यावर अंधार पडत होता आणि पश्चिमेला शुक्राची चांदणी ठळक दिसत होती. आम्ही तिकडे बोट करून केडगावच्या रमाबाईंचे नाव सांगितले. मुलगा एकदम गप्प झाला. त्याची आजी मात्र पदर सावरून पुढे झाली. तिची आजी दुष्काळात मुक्तीत आलेल्या मुलींपैकी एक होती. आपले मूळ गाव कोणते, हे तिला शेवटपर्यंत सांगता आले नाही. म्हातारी बराच वेळ त्या चांदणीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फादर, तिथं पानी हाय का?"

आम्ही म्हणालो, "नाही, आजी. भयंकर ऊन आहे तिथे. शिसे वितळेल एवढे."

"मंग बाईंना लई हिरी खनाव्या लागतील," असे म्हणून ती कपबशा उचलायला आत गेली.